राहण्याचा पत्ता

कडीना
६ मार्च २०१६, रविवार

एल्वा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पोस्टातल्या बाईंकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर ओळखलं असतंस तर पाकीट न फोडताच शेगडीत गेलं असतं. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि नऊ वर्षांनी एकदम तुझा आवाज ऐकायचा धीर माझ्यातही नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. उगाच गोड बोलत बसत नाही.

घर विकलं. मेच्या तीस तारखेला किल्ल्या द्यायच्या. त्यानंतर मी कॅरॅव्हॅनमध्ये राहणार. सुट्टीपुरती नाही, कायमची. गाडीच्या मागे घर जोडायचं आणि थंडी पडली की ऊन असेल तिकडे सरकायचं. हो, तीच कॅरॅव्हॅन. तिचं नाव काढल्यावर तुझ्या कपाळावरची शीर कशी ताठ झाली असेल ते, तुझं पोर्ट लिंकन आखातापलीकडे असलं तरी, मला इथून दिसतंय.

हौसेने चालले असं समजू नकोस. अडुसष्टाव्या वर्षी कसली हौस! दमलेय मी. चार खोल्या झाडायच्या, त्यातल्या तीन खोल्यांत कुणी पाऊल टाकत नाही. मर्व्हला जाऊन चौदा महिने झाले. पोरंबाळं नाहीत, त्यामुळे कुणी विचारणारं नाही आणि कुणी अडवणारंही नाही. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलताना धाप लागायची. मला वाटलं काही मोठं बोलणार, म्हणून मी वाकले. तर म्हणाला, "टायर बदलून घे. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं." बस्स. नऊ वर्षं ती कॅरॅव्हॅन शेडमध्ये उभी होती. मग मी टायर बदलले, आणि टायर बदलल्यावर न जाणं मला जमेना.

आता काम सांगते. लायसन्ससाठी, गाडीच्या नोंदणीसाठी, पेन्शनच्या कागदांसाठी राहण्याचा पत्ता लागतो. ऑफिसात गेले तर काउंटरवरची पोरगी विचारते, "राहण्याचा पत्ता?"

म्हटलं, "चाकांवर राहणार आहे."

"मग चाकांचा पिनकोड सांगा, लिहून घेते."

मागच्या रांगेतले सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र खुर्चीत बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

वॉलरूच्या किनाऱ्यावर ड्युल्सी ट्रेनेरी म्हणून एक म्हातारी आहे, एक्क्याऐंशी वर्षांची. अकरा वर्षं एकटी कॅरॅव्हॅन ओढत फिरते. तीच मला शिकवतेय. तिला विचारलं, तुझाच पत्ता देऊ का? तर म्हणाली, "माझा पत्ता म्हणजे माझ्या लेकीचा पत्ता. आणि नीट ऐक, बाई. हा पत्ता वीजबिलांसाठी नसतो. उद्या तू कुठे वाळवंटात आडवी झालीस, तर पोलीस टोपी काढून ज्या दारात उभे राहतील तो हा पत्ता. कुणाच्या दारात उभे राहावेत ते ठरव, मग फॉर्म भर."

मी ठरवलं, तुझाच पत्ता द्यायचा. दुसरं कुणी नाहीच.

तुझ्यावर ओझं काही नाही. महिन्याला दोन-चार पाकिटं येतील, ती एका डब्यात टाक. माझ्याशी बोलावं लागणार नाही.

आणि मर्व्हला आता तरी माफ कर, एल्वा. त्याच्या मातीला तू आली नाहीस, दोन ओळींची चिठ्ठीही नाही. माणूस त्या सकाळी गाडीला कॅरॅव्हॅन जोडत होता. हायवेवरच्या पेट्रोल-खाणावळीतल्या, त्या रोडहाऊसवाल्याने आईचं जास्त झाल्याचा निरोप सांगितला, तो कानावर पडला आणि डोक्यातून निसटला. कुणाचंही होतं असं. मेलेल्या माणसावर किती दिवस राग धरायचा?

तुझी बहीण,
व्हर्ली


कडीना
२८ मार्च

एल्वा,

तुझं उत्तर मिळालं. तीन वाक्यं होती, मी तीसदा वाचली. "विचार करते. तोवर फॉर्म भरू नकोस. मर्व्हबद्दल मला लिहू नकोस."

नाही लिहीत. माझ्याबद्दल लिहिते, ते तुला चालेल की नाही ते तूच बघ.

ड्युल्सी मला फुटबॉलच्या मैदानावर नेऊन कॅरॅव्हॅन मागे घ्यायला शिकवते. पुढे न्यायला अक्कल लागत नाही. मागे घेताना मात्र नाकी नऊ येतात. कॅरॅव्हॅन उजवीकडे जायला हवी असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. माझ्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी गोलपोस्टला धडकले. ड्युल्सी घडीच्या खुर्चीवर बसून मटणाची पेस्टी खात होती. ती तिथूनच ओरडली, "अगं, नवरा कसा वळवायचीस? हवं त्याच्या उलट बोलायचीस ना? तसंच आहे हे!"

म्हटलं, "माझा नवरा सरळ होता. वळवावा लागला नाही."

"मग तुला शिकायला वेळ लागणार," म्हणाली आणि पेस्टीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

घरातलं सामान काढतेय. अर्धं धर्मादाय दुकानात, अर्धं अंगणात मांडून विकायला. आईची शिवणाची पेटी तुला हवी आहे का? कॅरॅव्हॅनमध्ये एक कपाट आहे माझ्या कमरेइतकं, त्यात माझं सगळं आयुष्य बसवायचंय. काल संध्याकाळी एका बशीवरून अर्धा तास घातला. घेऊ की नको, घेऊ की नको. शेवटी बशी फुटली, सुंठीवाचून खोकला गेला.

गेल्या मंगळवारी मोठी चूक केली. ड्युल्सी दुकानात गेली होती, म्हटलं आपणच जोडू. जोडणीचं काम असं: गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हॅनच्या दांड्याची वाटी बसवायची, खिट्टी लावायची, मग दोन साखळ्या, मग दिव्याची तार, मग पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. वाटी बसवली आणि तेवढ्यात कुंपणावरून शेजारणीने हाक मारली, "व्हर्ली, केक घेतेस का गं, कालचा आहे." मी म्हटलं घेते. केक घेतला, आभार मानले, परत आले आणि सरळ साखळ्या लावायला घेतल्या. खिट्टी राहिली. कोपऱ्यावर वळताना मागे धाडकन आवाज झाला. कॅरॅव्हॅन गोळ्यावरून निसटली होती, साखळ्यांनी धरून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर शाळेच्या कुंपणात गेली असती.

ड्युल्सीने मला नाही झापलं, शेजारणीला झापलं. घरात जाऊन. "जोडणी करणाऱ्या माणसाशी बोलायचं नसतं, बाई! घराला आग लागली असेल तर आधी ती विझवायची आणि मग सांगायला यायचं." शेजारीण बिचारी रडवेली झाली. तिने आयुष्यात कॅरॅव्हॅन ओढलेली नाही, तिला काय ठाऊक. पण या लोकांत तो नियम देवाच्या आज्ञेसारखा आहे. रोडहाऊसवर, कॅम्पात, कुठेही बघ. एखादा माणूस गाडीमागे गुडघ्यावर बसलेला दिसला की बाकीचे दहा पावलांवर थांबतात, टोप्या हातात घेऊन. मर्व्ह जोडणी करत असताना इतक्या वर्षांत त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललेलं मी पाहिलं नाही. मी स्वतः बोलत नसे.

बघ, लिहू नकोस म्हणालीस आणि नाव आलंच. राहू दे.

पेटीचं कळव. आणि पत्त्याचंही.

तुझी बहीण,
व्हर्ली


कडीना
१७ एप्रिल, रविवार

एल्वा,

तुझं कार्ड आलं. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कामाची घाई होती.

बुधवारी कॅरॅव्हॅन वजनकाट्यावर नेली. धान्याच्या कोठाराचा काटा आहे ना, जिथे बाबा बार्लीचा ट्रक नेत, तोच. काटेवाला गॅव्हिन म्हणाला, "बाई, आत पियानो ठेवलाय का?" एकशे चाळीस किलो जास्त भरलं. जास्त वजन घेऊन निघालीस तर उतारावर कॅरॅव्हॅन गाडीला ढकलते, आणि मागच्या टोकाला वजन असेल तर शेपूट हलवायला लागते, मग कुणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून तिथेच, काट्याच्या बाजूला, दार उघडून सामान उतरवायला बसले. पुस्तकं. बिडाचा तवा. मर्व्हच्या स्क्रूच्या काचेच्या बरण्या, त्याच एकोणीस होत्या. प्रत्येक बरणीवर त्याने मापाची चिठ्ठी चिकटवलेली. गॅव्हिनला म्हटलं घेऊन जा. तो म्हणाला, मर्व्हच्या बरण्या मी अशा नाही घेत, एक चहा पाज. चहा केला. किटली होतीच आत.

शिवाय छताची झडप गळते, तिला डिंक लावून घेतला. गॅसची तपासणी झाली. पाण्याची टाकी

तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे की तो रोडहाऊसवाला नवा असेल. नव्या माणसाला नियम ठाऊक नसतो. गेला असेल मर्व्हजवळ, बोलला असेल. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय.


१८ एप्रिल

वरचं कालचं आहे. फाडणार होते. पण तुझ्यापुढे मी आजवर सगळं फाडून, चिकटवून, धुऊनच ठेवत आले. हे तसंच राहू दे, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत मी काय करत होते ते तुला दिसेल.

तुझ्या कार्डावर एकच ओळ होती. "मग त्या सकाळी मर्व्हशी कोण बोललं?"

कुणी बोललं नाही, एल्वा.

तो रोडहाऊसवाला नवा नव्हता. साठीचा होता, अंगावर वंगणाचे डाग. गुरुवारची सकाळ होती, आठ वाजले असतील. तो हातात कागद घेऊन बाहेर आला आणि मर्व्ह गाडीमागे गुडघ्यावर आहे हे बघून थांबला. टोपी काढली. जरा वेळ उभा राहिला. मग वळसा घालून माझ्याकडे आला. मी पायरीवर बसून कप पुसत होते. पावाच्या कागदी पिशवीवर लिहिलं होतं: "बहिणीचा फोन. आईचं जास्त झालंय. दोन-तीन दिवस. लगेच या." तो म्हणाला, "वाईट वाटतं हो, बाई." मी म्हटलं, "आभारी आहे."

मी कागदाची घडी केली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली.

मर्व्ह हात पुसत उठला. "काय म्हणत होता?"

"पाव ताजे आलेत म्हणत होता."

"घ्यायचे का?"

"नको. चल."

तोंडातून कसं निघालं मला आजही कळत नाही. ठरवलं नव्हतं. मागे, गाडीने अडीच तासांवर, माउंट आयझाला विमान मिळत होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी आईच्या उशाशी असते. हे सगळं मी गाडीत बसल्या बसल्या मनात मोजलं. आणि आम्ही पश्चिमेला निघालो.

आता जे सांगते ते सबबीसाठी नाही. नाही, थोडं सबबीसाठीच आहे. अर्धांगवायूनंतर सात वर्षं आई माझ्या घरात होती. तिच्या पलंगाला घंटी बांधली होती, तुला आठवत असेल. घंटी वाजली की मी उठायचे. पाणी. कूस. चादर. परत पाणी. तू वर्षातून दोनदा यायचीस, कोळंबीचा डबा घेऊन, आणि आईचे केस कसे विंचरायचे ते मला सांगायचीस. आई दोन दिवस तुझ्याकडे बघून हसायची. माझ्याकडे बघून ती कधी हसली नाही, कारण मी तिला रोजचीच होते. तिला वॉलरूच्या वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा तू चिडलीस. पण तीन महिने येऊन इथे राहिलीस, तिच्याजवळ रोज जाऊन बसलीस, म्हणून आम्हाला निघता आलं. ते मी विसरलेले नाही.

त्या गुरुवारपर्यंत मी सहा आठवडे रात्रभर झोपत आले होते. सहा आठवडे मला कुणी घंटी वाजवून उठवलं नव्हतं. आणि तो कागद म्हणजे परत घंटी, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. आई मरतेय असं वाटलंच नाही. वाटलं, पुन्हा बोलावलं. एक दिवस, म्हटलं. एकच दिवस ऐकू आलं नाही असं करते, उद्या सांगते.

टेनंट क्रीकला थांबलो. चार वाजले की कॅम्पातले लोक खुर्च्या घेऊन गोल करून बसतात, ज्याची त्याची बीअर. गुरुवारी बसले, शुक्रवारी बसले. कुणीतरी मगरीची गोष्ट सांगितली आणि मी पोट धरून हसले. दोन दिवस मी हसले, एल्वा. खिशात तो कागद होता आणि मी हसत होते. स्वेटर काढला नाही, इतकं उकडत असूनही.

शनिवारी चारला मर्व्ह म्हणाला, "चल, खुर्च्या घे." मी कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. तारीख वार नव्हता त्यावर, पण पिशवीवर रोडहाऊसचं नाव छापलेलं होतं. त्याला समजलं. तो ओरडला नाही. ओरडायला हवं होतं. त्याने खुर्च्यांच्या घड्या केल्या, आत ठेवल्या आणि जोडणीला बसला. मी बाजूला उभी होते. त्या दहा मिनिटांत त्याच्याशी बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही.

रविवारी पहाटे आई गेली, तेव्हा आम्ही रस्त्यात होतो. मंगळवारी पोचलो.

मातीच्या दिवशी, चर्चच्या हॉलमध्ये, सँडविचच्या टेबलाशी तू मला विचारलंस, "निरोप मिळाला होता की नाही?" तू म्हणालीस की शनिवारी दुपारी आईने मला हाक मारली. तुझा हात धरून तुलाच व्हर्ली म्हणाली. तुझा चेहरा बघून माझी जीभ टाळूला चिकटली. आणि मग सुटली ती अशी सुटली, "त्या माणसाने मर्व्हला सांगितला होता. तो जोडणी करत होता. त्याच्या डोक्यातून गेला."

मर्व्ह तिथेच होता, चहाचा कप घेऊन. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "हो, एल्वा. माझंच चुकलं."

तू त्याला म्हणालीस, "तू माणूस नाहीस." तो म्हणाला, "बरं." पंचवीस माणसांच्या देखत.

गाडीत मी रडायला लागले तर म्हणाला, "आता असंच राहू दे. ती तुझी बहीण आहे, माझी मेहुणी. मेहुणीवाचून माणूस जगतो." त्याचा हिशेब साधा होता. त्याच्यावर राग राहिला तर आपण दोघी राहू. तू आठवड्याने कळवलंस, "या माणसाबरोबर राहतेस तोवर मला तोंड दाखवू नकोस." त्याने ते पत्र वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे काही जमलं नाही."

तेव्हा तुला सांगायला हवं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत नऊ वर्षं गेली. गावात तुझी मैत्रीण मर्व्हला दुकानाबाहेर बघून रस्ता ओलांडायची. तो मान हलवून नमस्कार करायचा तरीही. दर वसंतात तो कॅरॅव्हॅन धुवायचा, पुसायचा आणि मला विचारायचा, "जायचं का?" मी म्हणायचे, गुडघा दुखतो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याच्या आयुष्यभराची एकच हौस होती, तीही मी खाल्ली.

आणि दीड महिन्यापूर्वी, तो मातीत गेलेला असताना, मी तुला लिहिते, त्याला माफ कर. मला पत्ता हवा होता म्हणून. याहून नीच काही मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

आता हे पोस्टात टाकते. टाकलं नाही तर कधीच टाकणार नाही.

व्हर्ली


कडीना
१५ मे

एल्वा,

चार आठवडे तुझा शब्द नाही. मी अपेक्षाही धरली नव्हती. रोज पेटीत हात घालत होते एवढंच.

काल ड्युल्सी आली. म्हणाली, "तुझ्यासारखी दिसणारी पण तुझ्याहून नीटनेटकी बाई कबरस्तानात होती शुक्रवारी. निळा कोट. मी माझ्या म्हाताऱ्याच्या कबरीवरचं गवत काढत होते. तुझ्या मर्व्हपाशी उभी होती. बराच वेळ. मग खाली बसली. त्या वयात, त्या ओल्या मातीत बसली. मी विचारणार होते बरं आहे का म्हणून, पण तिचं काहीतरी चाललं होतं, म्हणून थांबले."

मी विचारलं, रडत होती का?

"बोलत होती," ड्युल्सी म्हणाली. "भांडल्यासारखी. मग गाडीत बसून गेली."

साडेपाचशे किलोमीटर येऊन आणि साडेपाचशे परत. कबरस्तानापासून माझं घर तिसऱ्या गल्लीत. तू माझ्या दाराशी आली नाहीस. शुक्रवारी दिवसभर मी अंगणातच होते, सामान मांडून बसले होते. तुझी गाडी समोरून गेली असेल तर मला कळलं नाही.

काल संध्याकाळी मी कबरस्तानात गेले. दगडावर पिवळी फुलं होती, दुकानातली नव्हेत, तुझ्या कुंपणावरची असावीत. मी तिथे थांबले नाही. मला वाटलं ते तुमचं दोघांचं आहे.

बरोबर केलंस. तुझं देणं त्याचं होतं, ते तू त्याला दिलंस. माझ्याकडे यायचं तुला काही कारण नव्हतं. हे मी रुसून लिहीत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला रात्रभर झोप लागली, कारण त्याच्यापाशी कुणीतरी खरं बोलून गेलं.

पत्त्याची मागणी मी मागे घेते. ऑफिसातली पोरगी म्हणते, भटक्यांसाठी मतदानाचा वेगळा फॉर्म असतो. लायसन्सचं काहीतरी बघते. ड्युल्सी तिच्या लेकीला विचारणार आहे. तुझ्या दारात माझ्यामुळे कुणी टोपी काढून उभं राहू नये. टोपी काढून आणलेला एक निरोप मी खिशात घातला, तेवढा पुरे.

आईची पेटी आगगाडीने नाही, बसने पाठवलीय. पोर्ट लिंकनच्या बस ऑफिसातून सोडवून घे. वजनदार आहे, कुणाला तरी बरोबर ने.

व्हर्ली


कडीना
२९ मे, रविवार

एल्वा,

उद्या सकाळी किल्ल्या द्यायच्या आहेत. घरात आता फक्त एक खुर्ची उरलीय, तिच्यावर बसून खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून लिहितेय. वजनात बसलं तेवढंच घेतलंय, गॅव्हिनने काल पुन्हा काट्यावर बघितलं. थकवा असा आहे की नुसतं बसून राहावंसं वाटतं. पण बसायला जागा उरली नाही, तेव्हा जाणं आलंच.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. आत काय असेल या भीतीने ते दिवसभर पायरीवर ठेवलं होतं. शेवटी ड्युल्सीनेच फोडलं. म्हणाली, "उन्हात ठेवून पिकत नाही ते." तिने मोठ्याने वाचलं. माझ्या हातात कागद देऊन ती चहा करायला गेली.

"ऑफिसातल्या फॉर्मवर माझा पत्ता लिही. पाकिटं डब्यात ठेवीन, बोलणार नाही. हा पत्ता मी मर्व्हच्या बायकोला देतेय. बहिणीला नाही."

मी तीन-चार वेळा वाचलं. रडू आलं, ते अपमानाचं नव्हतं. तुला सरळ सांगते, बहीण म्हणून मागायचा माझा हक्क मी त्या गुरुवारीच घालवला होता. हे तू त्याच्या नावाने दिलंस, आणि त्याच्या नावाने घ्यायला मला लाज वाटते, आणि तरी घेतेय. दुसरं काही माझ्याकडे नाहीच.

काल फॉर्म भरला. राहण्याचा पत्ता, तुझा. त्याखाली एक रकाना होता: त्या पत्त्यावर राहणाऱ्या व्यक्तीशी नातं. मी बराच वेळ पेन धरून बसले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "बहीण लिहा ना, सोपं आहे."

मी तो रकाना कोरा ठेवला. तू म्हणशील तेव्हा भरीन.

मर्व्हची बायको,
व्हर्ली